चावऱ्या ऑक्सफर्डच्या नोंदी

एक ऑक्सफर्ड जोड, म्हणजे नाडीचे चामडी बूट. पाच वर्षं कपाटात पडून, एकूण वापर फार तर बारा-तेरा वेळा. चामडं चांगलं, शिवण शाबूत, पण घातला की तासाभरात उजव्या करंगळीपाशी चावायला लागतो. घालवत नाही आणि टाकवतही नाही. हा जोड दिवसभर घालण्याजोगा करायचा आणि जमलं तर त्याचा पिवळट रंग उतरवून गडद तपकिरी करायचा, एवढंच काम. नोंदी त्या त्या दिवशी लिहिल्या तशाच ठेवल्यात. मधे मधे मूर्खपणा दिसेल, तो खोडलेला नाही.

४ जानेवारी, रविवार. तपासणी. दीड तास.

आधी जोड दुरुस्त करण्याच्या लायकीचा आहे का ते बघितलं. आतली पातळ गादी उचलली. तळाच्या चामड्यावर आतून टाके दिसले असते तर ती ब्लेक शिवण, म्हणजे तळ थेट आतपर्यंत शिवलेला. लायमन ब्लेक याने १८५८ मध्ये या शिवणीच्या यंत्राचं पेटंट घेतलं. इथे आतून टाके नाहीत, बाहेर कडेने फिरणाऱ्या पट्टीवर आहेत. म्हणजे वेल्ट शिवण, जिचं यंत्र चार्ल्स गुडइयर (धाकटा) याने १८७१ मध्ये पेटंट केलं. रबराचा गुडइयर तो याचा बाप. हा इतिहास घोकायची गरज नाही, पण फरक कामाचा आहे. वेल्ट असेल तर झिजलेला तळ काढून नवा शिवता येतो आणि वरच्या चामड्याला धक्का लागत नाही. म्हणजे या जोडावर वेळ घालवला तर तो वाया जाणार नाही.

बाकी निरीक्षणं. टोकावर आडव्या शिवणीने जोडलेला तुकडा, म्हणजे टो-कॅप. टोक निमुळतं आणि लांब. नाडीची पाच जोडी भोकं. अस्तर चामड्याचं, घामाने टाचेपाशी कडक झालेलं. टाचेची मागची बाहेरची कड किंचित झिजलेली, तशी ती सगळ्यांचीच झिजते. पंज्यावर दोन खोल सुरकुत्या, पण चीर नाही. चीर असती तर इथेच थांबलो असतो. सुरकुती लपवता येते, चिरेवर कितीही मलम चोळलं तरी ती चीरच राहते.

रंग बदलायचं कारण साधं आहे. माझ्या पँटी सगळ्या करड्या, निळ्या आणि गडद. त्याखाली हा पिवळट चकचकीत बूट समोरच्याची नजर थेट खाली ओढतो. दुकानात दिव्याखाली तो देखणा वाटला होता, मी तेव्हा फक्त बुटाकडे बघत होतो. बुटाच्या वर पँट असते आणि तिच्या वर माणूस असतो, हे घरी येऊन आरशात कळलं.

उद्यापासून रंगाचं काम.

(नंतरची भर: इथेच चुकलो. पुढे वाचा.)

५ जानेवारी, सोमवार. धुणं. पाऊण तास आणि मग दीड दिवस वाट.

सॅडल सोपने, म्हणजे चामडं धुवायच्या साबणाने, धुतले. हा साबण थोडा अल्कधर्मी असतो, त्यामुळे जुनं मेण आणि मळ दोन्ही निघतात, पण फेस पुसून काढला नाही तर चामडं कोरडं पडतं. मी फेस भरपूर केला आणि डाग दिसेल तिथेच घासला. परिणाम: वाळल्यावर डाव्या बुटाच्या बाजूला भरतीच्या रेषेसारखी गडद कड उमटली. ओलं आणि कोरडं यांची सीमा जिथे पडते तिथे ती रेघ राहते. हात दाखवून अवलक्षण. दुसऱ्या दिवशी दोन्ही बूट सगळीकडून एकसारखे ओले करून पुन्हा वाळवले, तेव्हा रेघ गेली.

वाळवताना आत लाकडी साचे घातले. साचा बुटापेक्षा मोठा घेऊ नका. स्प्रिंगवाला साचा टाचेवर एका बिंदूत जोर देतो आणि मागचा भाग हळूहळू बाहेर फुगतो. माझा एक साचा मोठा होता, स्प्रिंग अर्धीच दाबून बसवली.

१० जानेवारी, शनिवार. जुना लेप उतरवला. चार तास.

अॅसिटोन, पांढरं सुती फडकं, हातमोजे, खिडकी उघडी. आगीपासून लांब बसलो, कारण हे भडकन पेटतं. कापूस घेऊ नका, त्याचे तंतू चिकट लेपात अडकतात आणि ते निवडताना संध्याकाळ जाते. माझी पहिली पंचवीस मिनिटं त्यातच गेली. जुनी बनियन फाडून घेतली, काम सुरू झालं.

टो-कॅपवरचा लेप लगेच सुटला. बाजूंना तो जाड होता. फडक्यावर पिवळा रंग येणं थांबलं तरी मी घासत राहिलो, कारण चामडं अजून चमकत होतं. ती चमक लेपाची नव्हती, चामड्याच्या स्वतःच्या पृष्ठभागाची होती. डाव्या बुटाच्या बाहेरच्या बाजूला रुपयाएवढा भाग मखमलीसारखा उसवला. फडकं बऱ्यापैकी स्वच्छ यायला लागलं की थांबायचं, चमक गेली की नाही ते बघत बसायचं नाही.

११ जानेवारी, रविवार. रंग. पाच तास.

अल्कोहोलमधला, चामड्यात मुरणारा रंग. हा फक्त गडदाकडे नेतो, उलटा फिकटाकडे येत नाही, म्हणून आधी नाडीखाली लपणाऱ्या जिभेवर लावून बघितला. बाटलीवर गडद तपकिरी लिहिलेलं, जिभेवर जवळजवळ काळा दिसला. ओला रंग वाळल्यावर थोडा उघडतो, तरी हा फारच होता. अल्कोहोल घालून निम्मा पातळ केला. दुसरी चाचणी ठीक.

पहिला हात मात्र घाईत दिला. छोट्या बोळ्याने थोडं थोडं लावत गेलो, प्रत्येक थांब्यावर पट्टा उमटला. दुसऱ्या हातापासून गोलाकार, न थांबता, एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत एका दमात. शिवण हीच नैसर्गिक सीमा, थांबायचं तर तिथेच. तीन हात, मधे अर्धा-अर्धा तास. काल उसवलेला रुपयाएवढा भाग रंग गटागटा प्यायला आणि आता डाग म्हणून कायमचा बसलाय. त्या बाजूने मला कोणी बघू नये, एवढीच अपेक्षा.

वेल्टवरचे टाके पिवळेच राहिले. दोरा पॉलिएस्टरचा असावा, तो हा रंग धरत नाही. आधी मार्करने रंगवायचा विचार होता. रात्री पुन्हा बघितलं तेव्हा गडद चामड्याभोवती ती फिकट रेघ बरी दिसली. राहू दिली.

१४ जानेवारी, बुधवार. क्रीम, मेण आणि पहिली फेरी.

सोमवारी क्रीम लावलं, मंगळवारी मेणाचे दोन हात दिले. क्रीममध्ये रंग आणि तेल जास्त, ते चामड्याला पोसतं. मेण वर बसतं आणि चमकतं. क्रीम आधी, मेण नंतर. घोड्याच्या केसांच्या ब्रशने दहा मिनिटं, जोर न लावता, वेगाने. बूट अफलातून दिसत होते. मी फोटोही काढले.

आज घालून गेलो. पहिला तास मान ताठ. दुसऱ्या तासाला उजवी करंगळी. तिसऱ्या तासाला पायाच्या उंचवट्यावर नाडी रुतायला लागली. चौथ्या तासाला टेबलाखाली बूट काढून बसलो. घरी मोजा काढला तर करंगळीच्या बाहेरच्या बाजूला, जिथे आधीच भोवरी आहे तिथे लाल चट्टा आणि वर उंचवट्यावर नाडीच्या तीन आडव्या रेघा. दादा फोटो बघून म्हणाला, "बुटाला रंग दिलास, पायाला कोण देणार?"

त्याचं म्हणणं झोंबलं, कारण बरोबर होतं. दहा दिवस आणि बारा-तेरा तास मी जे काम केलं त्याचा पायाशी काही संबंध नव्हता. आधी कळस, मग पाया.

आजपासून दर वेळी बूट काढल्यावर पायावरच्या वळांचा फोटो काढायचा ठरवलं. बुटात पाय असताना आपण काहीही समजूत घालून घेतो. वळ खोटं बोलत नाहीत.

१७ जानेवारी, शनिवार. पाय मोजले. एक तास. आतापर्यंतचं सगळ्यात उपयोगी काम.

संध्याकाळी मोजले, कारण दिवसभरात पाय सुजतात. उभं राहून, दोन्ही पायांवर सारखा भार, जो मोजा घालणार तोच घालून. कागदावर पाय ठेवून पेन्सिल सरळ उभी धरून रेघ मारली. पेन्सिल आत कलली की रुंदी कमी येते. ही रेघ दुसऱ्याकडून मारून घ्या. स्वतः वाकलं की भार पुढे जातो आणि पाय पसरतो. माझी पहिली दोन मापं त्यामुळे फेकून दिली.

डावा: लांबी २६.१ सेंमी, चवड्याची रुंदी १०.१, चवड्याभोवती घेर २५.१.
उजवा: लांबी २६.४ सेंमी, रुंदी १०.४, घेर २५.६.

बूट यूके ८ (ब्रिटिश माप), रुंदी एफ (F); रुंदी अशी इंग्रजी अक्षरांत लिहितात. लांबीला ८ बरोबर आहे. ब्रिटिश मापात एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण ८.५ मिलिमीटर, आणि अर्धा नंबर त्याच्या निम्मा. माझ्या दोन पायांत लांबीचा फरक ३ मिमी, अर्ध्या नंबरापेक्षाही कमी. घोडं पेंड खातं ते घेराशी. उजव्या पायाला एफच्या पुढची, 'जी' (G) अक्षराची रुंदी हवी होती, म्हणजे घेर साधारण पाव इंच जास्त. ती रुंदी असते हेच मला पाच वर्षांपूर्वी माहीत नव्हतं. विकत घेताना मी काय केलं? टोकाशी अंगठ्याने दाबलं, पुढे जागा आहे, बसला बूट. पण निमुळत्या बुटात ती पुढची जागा रिकामीच असते, तिथे बोट पोचतच नाही. लांब टोक हे दिसण्यापुरतं.

आणखी एक माप घेतलं: टाचेपासून अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यापर्यंत. बूट जिथे दुमडतो तिथे हा सांधा यायला हवा. दुकानात पाय मोजायचं धातूचं उपकरण असतं, चार्ल्स ब्रॅनक याने १९२० च्या दशकात बनवलेलं. त्यावर लांबी आणि रुंदीबरोबर हेच तिसरं माप असतं. दुकानदार बहुधा पहिलंच वाचून दाखवतो. माझा सांधा आणि बुटाची घडी जवळजवळ जुळतात, ५ मिमीचा फरक. हे जुळलं नसतं तर ताणून काहीच उपयोग झाला नसता, कारण बूट रुंदीला ताणता येतो, लांबीला नाही.

१८ जानेवारी, रविवार. नाड्या. चाळीस मिनिटं, खर्च शून्य.

ऑक्सफर्डमध्ये नाडीच्या दोन पट्ट्या पंज्याच्या चामड्याखाली शिवलेल्या असतात, म्हणून वरून पूर्ण उघडत नाहीत. डर्बी या दुसऱ्या प्रकारच्या बुटात त्या वर शिवलेल्या आणि मोकळ्या, म्हणून उंच पायाला डर्बी सोपी. हे ज्ञान मला ऑक्सफर्ड घेतल्यावर पाच वर्षांनी कामाला आलं.

बांधल्यावर दोन पट्ट्यांमधली फट मोजली: वरच्या टोकाला २ सेंमी. पट्ट्या जवळजवळ मिटायला हव्यात, थोडी फट चालते. २ सेंमी म्हणजे माझा उंचवटा या बुटाच्या कलबुतापेक्षा (बूट ज्या साच्यावर घडवतात त्यापेक्षा) उंच आहे. ते बदलता येत नाही, पण दाब कुठे पडावा हे नाडी ठरवते.

बाहेरून आडव्या समांतर रेघा दिसतील अशी नाडी ओवली. ऑक्सफर्डवर हीच शोभते, शिवाय पट्ट्यांवर फुल्या पडत नाहीत. अडचण: पाच जोड्या म्हणजे विषम संख्या, आणि या पद्धतीत शेवटी दोन्ही टोकं एकाच बाजूला येतात. एका ठिकाणी आतून तिरपी न्यावी लागते. मी ती तळाला नेली, दिसत नाही. मग वळांच्या फोटोत सगळ्यात लाल रेघ जिथे होती, ते मधलं, तिसरं भोक आडवं न बांधता तशीच कडेने वर नेली. दाब तिथून गेला. तीन तास घालून बसलो, उंचवट्यावर दोनच फिकट रेघा. ७५ सेंमीची नाडी पुरली, पण गाठीला कसंबसं उरलं.

गोल मेणाच्या नाड्या घेतल्या. दिसतात छान, सुटतात सारख्या. दुहेरी गाठ मारावी लागते.

करंगळीचं दुखणं जसंच्या तसं.

२० ते २४ जानेवारी. ताणणं आणि आपत्ती.

लाकडी ताणणी आणली, पुढे दोन फाळ्यांत उघडणारी, चट्टा असेल तिथे बसवायच्या छोट्या गुंड्यांसकट. करंगळीच्या जागी गुंडी लावली. चामडं सैल पडावं म्हणून अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं मिसळून आतून-बाहेरून फवारलं आणि रोज अर्धा फेरा फिरवत गेलो.

तिसऱ्या दिवशी उघडलं. बुटावर पांढरट ढग, मधे तपकिरी ओघळ, हातावर रंग. रंग अल्कोहोलमधला होता आणि मी त्यावर अल्कोहोलच फवारलं. मेणाचा थर ताणाने तडकला, त्याच्या फटींतून द्रव आत गेला आणि मुरलेला रंग पुन्हा विरघळून वर आला. अकरा तारखेची सगळी संध्याकाळ पाण्यात, नाही, अल्कोहोलात.

आणि चामडं ताणलं किती? दीड मिलिमीटर. बूट बाहेर काढल्यावर रात्रीत त्यातलंही निम्मं परत गेलं.

२५ जानेवारी, रविवार.

हरलो आणि बूट दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी बूट उलटासुलटा करून विचारलं, "रंग तुम्हीच दिलात?" मी हो म्हटलं. "ताणायच्या आधी?" पुन्हा हो. त्यांनी चष्मा वर केला, पण बोलले काही नाहीत.

त्यांच्याकडे लांब दांड्याचा चिमटा आहे, एका टोकाला गोळा, दुसऱ्याला कडी. गोळा आतून, कडी बाहेरून, आणि करंगळीच्या जागी एवढाच भाग दाबून फुगवायचा. माझ्या ताणणीने सगळा पंजा रुंद होत होता, मला हवा होता सुपारीएवढा खळगा. आतून नुसत्या पाण्याचा हात फिरवून त्यांनी तो चिमटा लावला आणि म्हणाले, "दोन दिवस राहू द्या साहेब. अजून ओढायला सांगू नका, टाके वेल्टपासून सुटतील." मी अजून ओढायला सांगणारच होतो.

२८ जानेवारी, बुधवार.

बूट परत आणला. उजव्या बाजूला बाहेरून बघितलं तर हलकासा फुगवटा आहे, माहीत नसेल तर दिसणार नाही. आत ३ मिमी जास्त जागा. सहा तास घातला, त्यातले चार उभ्याने. भोवरीवर चट्टा नाही. विश्वास बसेना म्हणून पुन्हा बघितलं.

काकांची मजुरी माझ्या ताणणीच्या किमतीच्या निम्म्याहून कमी. ताणणी आता कपाटात आहे, कोणाला हवी असेल तर.

१ फेब्रुवारी, रविवार. टाच सुटते.

एक दुखणं गेलं की दुसरं ऐकू येतं. चालताना दोन्ही टाचा बुटात वर उचलल्या जातात, मोजल्या तर ८ मिमीच्या आसपास. मला वाटलं ताणल्यामुळे बूट सैल झाला. मागे आतून चिकटवायची मऊ पट्टी आणली आणि लावली. संध्याकाळी डाव्या टाचेला फोड. पट्टीने पाय पुढे ढकलला, करंगळी खळग्याच्या पुढे गेली, आणि पट्टीची वरची कड नेमकी टाचेच्या नसेवर घासली. पट्टी ओढून काढली तर अस्तरावर गोंद राहिला. तो काढायला पाऊण तास, आणि अस्तराचा वरचा थर थोडा सोबत गेलाच.

मग नीट विचार केला. डावा बूट ताणलेलाच नव्हता, तरी त्याचीही टाच सुटत होती. म्हणजे कारण सैलपणा नाही. तळ कडक आहे. पाच वर्षांत बारा-तेरा वेळा घातलेला चामडी तळ अजून वाकायला शिकलेला नाही, पाय वाकतो आणि बूट वाकत नाही, म्हणून टाच वर येते. याला चिकटवून उपाय नाही, चालून आहे. जिभेखाली गादी लावायचा उपायही असतो, ती पायाला मागे ढकलते. पण माझ्या उंचवट्यावर आधीच जागा नाही, तिथे गादी कुठे घालणार.

घरात रोज एक तास जाड मोज्यांवर घालून फिरायचं ठरवलं.

७ आणि ८ फेब्रुवारी. रंग, दुसऱ्यांदा. दोन्ही दिवस मिळून पाच तास.

सगळं पुन्हा. अॅसिटोन, पण या वेळी फडकं बऱ्यापैकी स्वच्छ यायला लागताच थांबलो. रंग सुरुवातीपासून पातळ, मोठ्या बोळ्याने, शिवणीपासून शिवणीपर्यंत. टो-कॅप आणि टाच यांना एक हात जास्त, म्हणजे तिथे रंग थोडा खोल दिसतो आणि निमुळतं टोक डोळ्याला जरा आखूड वाटतं. खरंच वाटतं. हा जोड पायात जितका लांब दिसायचा तितका आता दिसत नाही.

रुपयाएवढा डाग अजून आहे, पण सगळा बूट त्याच्याइतका गडद झाल्यामुळे शोधावा लागतो.

वाळल्यावर पांढऱ्या फडक्याने घासत बसलो, फडक्यावर रंग येणं थांबेपर्यंत. पहिल्या वेळी हे केलं नव्हतं आणि एका करड्या पँटीच्या आतल्या कडेला त्याची शिक्षा मिळाली. ती पँट धुऊन सुधारली नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार. आरशासारखी चमक. अडीच तास, त्यातला दीड वाया.

फक्त टो-कॅप आणि टाचेचा मागचा भाग. हे दोन भाग आतून कडक असतात, वाकत नाहीत. पंज्यावर जिथे चामडं दुमडतं तिथे मेणाचा थर चढवला तर पहिल्या पायरीवर तडकतो. माहीत असूनही मी शिवणीच्या बोटभर मागे गेलो, बघूया म्हणून. जिना उतरेपर्यंत पांढऱ्या भेगा.

पद्धत: दोन बोटांभोवती सुती फडकं घट्ट, सुरकुती नको. चिमूटभर मेण, छोटे गोल, धूसर थर बसला की थांबायचं. असे चार-पाच पातळ थर, प्रत्येकानंतर दहा मिनिटं. मग एक थेंब पाणी आणि अगदी हलका हात. पाण्याने चमक येत नाही, ते फडक्याला मेणावर चिकटू देत नाही, एवढंच. माझे दोन प्रयत्न फसले. पहिल्यांदा पाणी जास्त, सगळं दुधी झालं. दुसऱ्यांदा मेण जास्त, संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत टो-कॅप. दोन्ही वेळा अॅसिटोन न वापरता मेण उतरवता आलं: फडक्यावर थोडं ताजं मेण घेऊन चोळलं की जुनं मऊ होऊन निघतं.

तिसऱ्यांदा जमलं. ट्यूबलाइट टोकात दिसते. उजव्यात जास्त, डाव्यात कमी. का ते कळलं नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार.

पावसात सापडलो. तळ चिंब. टो-कॅपवर थेंबांचे ठिपके उठले, मेणाचा एक हात फिरवल्यावर गेले. आत वर्तमानपत्राचे बोळे, दर अर्ध्या तासाने बदलले, बूट आडवे ठेवले म्हणजे तळालाही वारा लागेल. हेअर ड्रायरकडे हात गेला होता, मागे घेतला. ओलं चामडं तापलं की आकसतं आणि कडक होतं, आणि तळ मऊ व्हावा म्हणून मी पंधरा दिवस घरात चकरा मारतोय. दोन दिवसांनी पूर्ण वाळले, मग साचे. रंग कुठे उतरला नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार. पूर्ण दिवस.

नऊ तास. साधारण निम्मा वेळ उभ्याने. करंगळी ठीक. उंचवट्यावर एक रेघ, अर्ध्या तासात गेली. टाच अजून सुटते, पण ३ मिमीवर आलीय आणि फोड नाही.

हिशेब: एकूण बत्तीस तास. त्यातले पहिला रंग, फसलेलं ताणणं, टाचेची पट्टी आणि गोंद मिळून चौदा तास सरळ पाण्यात. नव्या जोडाच्या किमतीच्या साधारण पाचवा भाग खर्च, आणि त्यातला निम्मा ताणणी व वाया गेलेल्या रंगाचा. पुन्हा करायचं झालं तर क्रम असा: पाय मोजणं, नाडी, ताणणं, आठवडाभर घालून बघणं, आणि वळ गेल्याशिवाय रंगाची बाटली उघडायची नाही.

राहिलेलं: वेल्टच्या कडेला काळपट तपकिरी कडरंग द्यायचाय. माझा पट्टा अजून पिवळट आहे, तो आता या बुटाबरोबर विचित्र दिसतो. दादा म्हणतो पट्टाही रंगव. पट्ट्याची मापं मात्र आधी घेतली आहेत. एक भोक वाढवावं लागणार आहे.